आधी वरचं वाच

कुणी बायबलमधलं एखादं वचन म्हटलं की मार्था आक्का त्या माणसाकडे बघायची नाही, पुस्तकाकडे बघायची. म्हणणारा चर्चचा पाळक असो की महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, तिचा प्रश्न ठरलेला. "वर काय हाय? आनि खाली काय हाय?" उत्तर आलं नाही तर पुस्तक उघडून सरळ त्याच्या मांडीवर ठेवायची. "आधी वरचं वाच. मग बोलू."

तिचं सगळं आयुष्य दवाखान्यात सिस्टर म्हणून गेलेलं. निवृत्त झाली तरी बोलणं वॉर्डातलंच राहिलं. म्हणायची, "पेशंटच्या कागदावर एका दिवशी एकशेतीन ताप लिवलेला असतोय. तेवढाच बघून सुई टोचाय लागलं तर मानूस जाईल की! काल किती हुता, परवा किती हुता, कशानं आला, सगळं बघाय लागतंय. वचनाचं बी तसंच हाय." एकदा बाहेरगावचे पाहुणे उपदेशक ऐन भरात आले होते. आक्का पहिल्या बाकावरून म्हणाली, "साहेब, त्येच्या म्होरची ओळ बी वाचा की." पाहुण्यांनी वाचली. ती नेमकी त्यांच्या सांगण्याच्या उलट निघाली. त्या दिवशी उपासना लवकर संपली.

मी कोल्हापूरला आले ती लग्नानंतर दोन वर्षांनी. मूळची जालन्याकडची. शाळा सातवीत सुटली. नवऱ्याला शिरोलीच्या एका फौंड्रीत काम लागलं म्हणून आलो. इथली माणसं साधं बोलली तरी मला वाटायचं भांडताहेत. रिक्षावाला "कुठं जायाचं?" म्हणाला तरी मी दोन पावलं मागे सरायची. रविवारी उपासनेला जाऊन शेवटच्या बाकावर, दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी बसले. प्रार्थना संपली तशी पुढून एक उंच, काळीसावळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई वळून मोठ्यांदा म्हणाली, "या की पावणं, म्होरं या! चपला राखाय बसलासा व्हय?"

सगळे हसले. मला रडू फुटायचंच बाकी होतं. पण उपासना झाल्यावर त्याच बाईने माझा हात धरला तो रस्त्यापर्यंत सोडला नाही. गाव कुठलं, नवरा काय करतो, जेवलीस का, सगळं विचारून झालं. त्या दिवसापासून माझं नाव 'जालना' पडलं. "ए जालना, इकडं ये." महिन्याभरात तिने राजारामपुरीतल्या एका नर्सिंग होममध्ये मला आयाचं काम लावून दिलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शिक्षण विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. आक्का म्हणाली, "सातवी हाय. पन हात हलका हाय पोरीचा." तेवढ्यावर काम मिळालं. ते आजही चालू आहे.

दर गुरुवारी दुपारी शाहूपुरीतल्या तिच्या दोन खोल्यांत आम्ही आठ-दहा बाया जमायचो. खाली लोखंडी सामानाचं दुकान, वर आक्का. एक अध्याय सगळ्यांनी मिळून वाचायचा, एकीने एक-दोन ओळी. माझी पाळी आली की मी पुस्तक जवळ ओढून घ्यायची. जोडाक्षर आलं की मी अडायची. ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नसे, अजूनही येत नाही. आक्का पुढची ओळ कुणाला घेऊ द्यायची नाही. "सावकाश गं. अक्षरं काय पळून चालली न्हाईत." माझी ओळ संपेपर्यंत सगळ्या थांबायच्या. शाळेत माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक जानेवारीच्या सकाळी उपासनेनंतर ताटातून वचनांच्या चिठ्ठ्या फिरतात. प्रत्येकाने एक उचलायची, ते त्याचं वर्षाचं वचन. बाया डोळे मिटून पार तळातली चिठ्ठी ओढतात. त्या वर्षी फौंड्रीत माणसं कमी करणार अशी बोलवा होती आणि माझी झोप उडाली होती. मला जी चिठ्ठी आली तिचा अर्थ असा, की तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल. मी जागीच रडले. चिठ्ठीला प्लॅस्टिक करून घेतलं, गॅसच्या वर भिंतीला चिकटवली, आईला फोन करून दोनदा वाचून दाखवली.

गुरुवारी आक्काला सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"कोन म्हनालं ह्ये?"

"देव, आक्का."

"देव व्हय? कुठल्या पुस्तकात?"

"ईयोब. आठवा अध्याय."

"काढ. आधी वरचं वाच."

मी वाचत गेले. ईयोबाची सगळी मुलं मेलेली आहेत. अंगभर फोड घेऊन तो राखेत बसलेला आहे. आणि त्याचा बिल्दद नावाचा मित्र त्याला सांगतोय, तुझ्या पोरांनी पाप केलं असेल म्हणून ती गेली. तू आता नीट वाग, मग बघ तुझं पुढे कसं मोठं होतं. माझी चिठ्ठी या बिल्ददच्या तोंडची होती. आक्काने मग शेवटचा अध्याय काढायला लावला. तिथे देव ईयोबाच्या या मित्रांवरच रागावलेला. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत म्हणतो.

"पोरं गेलेल्या बापाला असं बोलनारा मानूस तू चुलीवर चिकटिवलास व्हय गं?"

बाया हसल्या. मला राग आला. इतका, की आवाज चढला. "मग माझ्या नवऱ्याची नोकरी जाणार का आक्का?"

"त्ये मला काय ठावं? बिल्ददला बी ठावं न्हाय."

त्याच संध्याकाळी ती आमच्या खोलीवर आली, गुडघे धरून जिना चढून. नवऱ्याला विचारलं, कुठली कुठली मशीन चालवता येते. दुसऱ्या दिवशी त्याला बरोबर घेऊन उद्यमनगरात दोन वर्कशॉप फिरली. दुसऱ्या ठिकाणी काम जमलं, तेही फौंड्रीतून नाव कमी व्हायच्या आत. त्या संध्याकाळी आमच्या खोलीतून निघताना तिची नजर भिंतीवर गेली. मी पटकन चिठ्ठी काढायला हात वर केला. म्हणाली, "काढू नगंस. असू दे. खाली नाव लिव त्येचं." मी बॉलपेनने लिहिलं, 'बिल्दद म्हणाला'.

अशी ती माझी होती. तीन वर्षं मी मनात असंच धरून चालले होते. इतर बायांना सून होती, नात होती, बहीण होती. मला कोल्हापुरात आक्का होती. तिलाही कुणी नव्हतं. भाचे गडहिंग्लजकडे, नाताळला फोन करणारे. तेव्हा हिशोब सरळ वाटायचा मला.

मग प्रिसिला आली.

पेठ वडगावची. बी.एड. करायला कोल्हापुरात आलेली. तेवीस वर्षांची, खांद्यावर कापडी पिशवी, केस मोकळे. पहिल्या गुरुवारी तिने वाचलं तेव्हा बोट ठेवलं नाही. स्वल्पविराम आला की वर बघायची, आमच्याकडे बघायची, पुन्हा खाली बरोबर त्याच ओळीवर. मला ते जादूसारखं वाटलं आणि त्याच क्षणी ती मला आवडेनाशी झाली. तिचं वाचून झाल्यावर आक्का डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "कान गार झालं बगा."

तीन वर्षांत माझ्या वाचण्याने आक्काचे कान गार झाले नव्हते. मला 'सावकाश' मिळालं होतं. घरी जाऊन भाकऱ्या थापताना मी ते वाक्य मनात इतकं उगाळलं, की दोन भाकऱ्या करपल्या. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "कान गार झाले."

साखरेने आक्काची नजर वर्षभरात गेली. आधी अक्षरं गेली, मग चेहरे. पायाला एक जखम झाली ती भरेना. जिलबी मात्र सुटत नव्हती, मी ओरडले की म्हणायची, "मी सिस्टर हाय का तू?" एका गुरुवारी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मला रोज चार वाजता एक अध्याय वाचून दाखवाय कोनतरी पायजे." माझी ड्यूटी तीनला सुटायची. मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होते तेवढ्यात आक्काने प्रिसिला बसायची त्या बाजूला मान वळवली. "प्रिसिला, तुला जमंल काय गं?"

"जमेल की आक्का."

"आनि जालना, तू पाय बग."

तिला पुस्तक मिळालं, मला पू. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी मनात अगदी ह्याच शब्दांत म्हटलं होतं.

तर रोज चार वाजता प्रिसिला खुर्चीवर बसून वाचायची आणि मी खाली पाटावर बसून आक्काचा पाय मांडीवर घेऊन ड्रेसिंग करायची. आवाज सगळ्या खोलीत भरायचा. ऐकावासाच वाटायचा, हेच तर दुखणं होतं. छान जागा आली की मी ट्रे खाली आपटायची. चहात तिच्या कपात आलं जास्त टाकायची. ती खोकायची आणि म्हणायची, "ताई, चहा मस्त." एकदा तिने एका राजाचं नाव चुकीचं वाचलं. माझं लक्ष होतं. मला इतका आनंद झाला की रात्रीच्या भाजीत मी दोनदा मीठ घातलं.

शेवटी मी तयारी केली. तिला शास्त्रातलंच काहीतरी ऐकवायचं असं ठरवून चार दिवस पुस्तक चाळलं. करिंथकरांना पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात एक ओळ सापडली. ज्ञानाने माणूस फुगतो. मी ती पाठ केली. गुरुवारी प्रिसिला काहीतरी समजावून सांगत होती, की हे पत्र कुठल्या शहराला लिहिलं, तिथली माणसं कशी होती. बाया माना डोलवत होत्या. मी मध्येच म्हटलं, "ज्ञानाने माणूस फुगतो. आपल्या शास्त्रातच आहे."

आक्काने कान माझ्याकडे वळवला.

"कुठं हाय?" आक्का.

"पहिलं करिंथ, आठवा."

"वाच. पैल्या ओळीपासनं, पार तळापर्यंत."

तेरा ओळी होत्या. मला पंधरा मिनिटं लागली. पहिल्याच ओळीत माझ्या वाक्याच्या पुढे अर्धं वाक्य उभं होतं. ज्ञान फुगवतं, पण प्रीती माणसाला उभारते. मी पाठ करताना मधेच थांबले होते. पुढचं मला दिसलं नव्हतं असं नाही. ते मला नको होतं.

वाचून झालं. आक्काने विचारलं, "कशाबद्दल चाललंय सगळं?"

मी बघितलं. "मूर्तीपुढं ठेवलेल्या... मटणाबद्दल. खावं का खाऊ नये."

"आगं, कोल्हापुरात ऱ्हाऊन मटनाचा अध्याय अर्धाच वाचलास व्हय?"

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची मला कोपर मारून म्हणाली, "पांढरा रस्सा राहिला की गं ताटातच!" मला जमीन फाटावी असं झालं होतं. हसणं ओसरल्यावर आक्का हळू म्हणाली, "ज्यास्नी समजतंय त्येनी न समजनाऱ्याला पाडू नये, एवढंच सांगतोय त्यो. तिला माराय दगड उचलाय आलतीस, बग प्रीतीच्या वचनाला हात लागला."

पण त्या दिवसाचं खरं दुखणं ते नव्हतं. प्रिसिला म्हणाली, "आक्का, ताईंचं बरोबर आहे. मी फुगतेच. कॉलेजातही मैत्रिणी म्हणतात." आणि ती माझ्याकडे बघून हसली, अगदी सरळ. वाचन तिचं, आक्काचे कान तिचे, आता नम्रपणाही तिनेच नेला. मला काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी बाया गेल्यावर ड्रेसिंग करताना मी विचारलंच. आक्काला दिसत नव्हतं म्हणून धीर झाला. "आक्का, वाचायला मला का नाही घेतलं तुम्ही?"

तिने पाय माझ्या मांडीवर नीट टेकवला. मग म्हणाली, "तू पाय धुतीस तवा मला कळत बी न्हाय. ती धुवाय लागली तर मी वरडंन की गं. आनि तू वाचत बसलीस तर पाय कोन बघंल?"

"पण तुम्हाला कुणाचं वाचणं आवडतं?"

"तिचं." एवढंच म्हणाली. खोटं बोलून माझं समाधान करणं तिला सहज जमलं असतं. तिने केलं नाही. मी पट्टी बांधली, गाठ मारली, आणि घरी जाताना शाहूपुरीच्या गर्दीत डोळे पुसत गेले.

आपल्या मरणाबद्दल आक्काने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "मी जाया लागले की मला येचून येचून गोड वचनं वाचू नगासा. नहेम्याचं पुस्तक धरा आनि पैल्यापासनं लावा. मधी गेले तर गेले." का नहेम्या, विचारलं तर म्हणायची, "त्यात मानसं पडल्याली भिंत बांधत्यात. मला कामाचं आवाज बरं वाटत्यात."

मार्च महिन्यात तिला झटका आला. दवाखान्याने चार दिवसांत घरी पाठवलं, आता काही करण्यासारखं नाही म्हणून. बोलणं बंद होतं. ऐकू येत असावं. नाव घेतलं की पापण्या हलायच्या. मी रजा टाकली. प्रिसिलाची परीक्षा तोंडावर होती, तरी ती यायची. पहिल्या दिवशी तिने दोन अध्याय वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरा अध्याय काढला आणि तिला रडू आलं. दोन-तीनदा सुरुवात केली, जमलं नाही. पुस्तक माझ्या हातात दिलं. "ताई, तुम्ही वाचा. मी खालून चहा घेऊन येते."

खुर्चीवर मी बसले. वर्षभर ज्या खुर्चीकडे खालून बघत होते तीच ही. खरं सांगते, आक्का तशी पडलेली असताना मला पहिल्यांदा काय वाटलं तर, आता माझी पाळी. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावं. यरुशलेमच्या भिंतीचा कुठला तुकडा आणि कुठली वेस कुणी बांधली त्याची यादी. याच्या शेजारी हा, त्याच्या शेजारी तो. सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, एकजण आपल्या मुलींना घेऊन बांधायला आलाय. आक्काला हा अध्याय फार आवडायचा. इतर लोक तो ओलांडून पुढे जातात. मला त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. एकेका नावात दोन-दोन जोडाक्षरं. मी बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर जोडत निघाले. आवाज मोठा ठेवला. एक नाव चुकलं तर मागे जाऊन पुन्हा वाचलं. ओळीवरून नजर हलवायची माझी ताकदच नव्हती. हलवली असती तर जागा सापडली नसती. पूर्ण अध्याय वाचला. एकही नाव सोडलं नाही. शेवटच्या ओळीनंतर मला वाटलं, आता आक्काचे कान गार झाले असतील, आणि मी वर बघितलं.

नर्सिंग होममध्ये इतकी माणसं गेलेली बघितली आहेत की कळायला वेळ लागला नाही. तरी मनगट बघितलं, गळ्याला बोटं लावून बघितली. हात उबदार होता. तोंड थोडं उघडं, मान माझ्या बाजूला.

प्रिसिला चहाची किटली घेऊन आली. माझ्याकडे बघूनच तिला समजलं. किटली खाली ठेवून ती आक्काच्या पायाशी बसली, माझ्या पाटावर. पुष्कळ रडली. मला रडू येईना. मग तिने विचारलं, "ताई, कुठल्या ओळीला गेल्या?"

मीच तर होते तिथे, एकटी मीच. पण मेंढरांच्या वेशीला गेली की मासळीच्या वेशीला, सोनारांपाशी गेली की त्या मुलींपाशी, मला माहीत नाही. प्रिसिला वाचत असती तर स्वल्पविरामाला वर बघितलं असतं तिने. तिला दिसलं असतं. तिने हात धरला असता.

"मला नाही कळलं," मी म्हटलं. "मी ओळीवर होते. मी वर बघितलंच नाही." आणि तेव्हा मला रडू आलं. थांबेचना.

प्रिसिलाने माझ्या मांडीवरचं पुस्तक उचललं, अध्याय वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातला, आणि ओढणीने माझं तोंड पुसत म्हणाली, "मग एक ओळ कशाला शोधायची ताई? सगळा अध्याय त्यांचाच धरू या."

आक्का असती तर अगदी हेच म्हणाली असती. मला ते सुचायला हवं होतं.